ला लिगाचं बिऱ्हाड

“भाऊजी, काल रात्री दोनच्या सुमाराले तुमच्या घरी कोन बोंबललं जी? मले वाटलं, चोर शिरला.”

सेलूत डिसेंबरच्या सकाळी कुंपणापलीकडून पहिलाच प्रश्न असा आला की ओळखावं, वहिनींचा चहा झालाय, भाऊ वावरात गेलेत आणि बाईंना घाई नाही. आमच्या दोन घरांमध्ये तारेचं कुंपण आहे म्हणतात. म्हणतात अशासाठी, की वालाचा वेल त्यावर इतका माजलाय की यंदा तार मी तरी पाहिलेली नाही. त्या पलीकडून शेंगा तोडत होत्या, मी अलीकडून. वेल कोणाचा हा वाद दोन्ही घरांनी कधीच सोडून दिलाय.

“चोर नाही वहिनी, गोल झाला.”

“मंग खुशीनं बोंबलले?”

“दिसला नाही म्हणून बोंबललो.”

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, इंग्लंडात फुटबॉलची जत्रा असते. दुपारपासून रात्रीपर्यंत मॅचवर मॅच. आपल्याकडं संध्याकाळी सहाला टीव्हीसमोर बसावं आणि मध्यरात्रीपर्यंत उठू नये, असा तो दिवस. यंदा, २०२५ साली, प्रीमियर लीगनं त्या दिवशी मॅच ठेवली एकच : मँचेस्टर युनायटेड आणि न्यूकॅसल. तीही तिकडच्या रात्री आठला, म्हणजे सेलूच्या रात्री दीडला. युरोपातल्या स्पर्धा वाढल्या, तारखा पुरत नाहीत, असं लीगचं म्हणणं. तर मी रजईत मोबाईल घेऊन बसलो होतो. खेळ रंगात आला आणि नेटनं दगा दिला. पडद्यावर चकरी फिरायला लागली. चकरी थांबली तेव्हा स्कोअर १-० झालेला, आणि खेळाडू मिठ्या मारून आपापल्या जागी परत चाललेले. डॉर्गूनं मारला म्हणे.

“पन तुम्ही तं आर्सेनलवाले,” वहिनी म्हणाल्या. “युनायटेडच्या गोलाचं तुमाले काय?”

“शत्रूचा गोलही आपल्या डोळ्यांनी पाहावा लागतो वहिनी. नाहीतर शिव्या कोणत्या तोंडानं द्यायच्या?”

“हौ, हे बाकी खरं हाय.” आणि चार शेंगा त्यांनी माझ्या बाजूच्या वेलीवरून खुडून नेल्या.

वहिनींना या गोष्टी कळतात याचं नव्या माणसाला नवल वाटतं. गल्लीला नाही. त्यांचं वेड लॉकडाऊनमधलं. क्रिकेट बंद, मालिकांचं शूटिंग बंद, सगळीकडं जुनेच भाग. मुलगा पुण्याचं कॉलेज सोडून घरी अडकलेला. १६ मे २०२० ला जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या स्टेडियमांत पुन्हा सुरू झाली. युरोपातल्या मोठ्या लीगांमध्ये तीच पहिली. पोरानं संध्याकाळी सातला टीव्ही लावला, डॉर्टमुंड आणि शाल्केची मॅच. वहिनी तिथंच लसूण सोलत बसल्या होत्या. पहिला गोल हालंडनं मारला. डॉर्टमुंड ४-० नं जिंकलं आणि लसूण तसाच राहिला.

“तवापासून ते उंच पोट्टं माह्यं,” वहिनी आजही सांगतात. “त्याले पाह्यलं की वाटते, याच्या मायनं याले खाऊ तरी काय घातलं असंल!”

एवढ्यावर गोष्ट संपती तर वहिनी सुखी होत्या. पण ती लीग स्टारवर होती, ती त्याच वर्षी नव्या मोसमात सोनीकडं गेली. वहिनींनी सोनीचं पॅकेज घेतलं. दोन वर्षं बरी गेली. २०२२ साली हालंडनं जर्मनी सोडली आणि मँचेस्टर सिटी गाठली. इंग्लंडची लीग स्टारकडं. वहिनी परत स्टारकडं. पण हालंड सिटीतर्फे चॅम्पियन्स लीगही खेळतो, आणि ती सोनीकडं. म्हणजे एकच माणूस शनिवारी एका घरी दिसणार आणि मंगळवारी दुसऱ्या.

“मी आपली पोट्ट्याच्या मागं गेली जी,” त्या म्हणाल्या. “मले का माहीत, तो क्लब बदलते तं आपल्याले रिचार्ज बदला लागते!”

“तुमचं तर बरंच आहे. तुमच्या चिरंजीवांचं पाहा.”

मुलगा बार्सिलोनाचा. त्याचं नाव काढलं की वहिनी शेंगा सोडून कमरेवर हात ठेवतात, कारण त्याच्या लीगमुळं घरात जेवढी उलथापालथ झाली तेवढी लग्नातही झाली नसेल. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, तसं स्पेनच्या या ला लिगाचं आहे. आम्ही दोघांनी मिळून तिचे पत्ते मोजायला घेतले.

पहिला पत्ता सोनी. २०१८ साली तो सुटला आणि ला लिगा थेट फेसबुकवर गेली. भारतासकट शेजारच्या आठ देशांसाठी तीन मोसम, वर्षाच्या ३८० च्या ३८० मॅच, सगळ्या फुकट. सोनीनं नंतर त्यातल्या काही मॅच मागून घेतल्या, पण मुख्य घर फेसबुकच. तेव्हा डेटा स्वस्त झालेला होता आणि पोरगं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून जेवायचं.

“तांब्या हलला का मॅच पडे,” वहिनींना आठवलं. “मंग मायलेकरांचं भांडन. यायचे बाबा म्हनत, फेसबुकवर लोक लग्नाचे फोटो टाकते, हे पोट्टं तटी बॉल पाहून रायलं.”

२०२१ च्या ऑगस्टमध्ये मेसीनं बार्सिलोना सोडली, आणि त्याच महिन्यात ला लिगानं फेसबुक सोडलं. हक्क गेले व्हायकॉम १८ कडं. त्यांच्यापाशी तेव्हा खेळाचा चॅनल नव्हता, म्हणून मॅच लागायला लागल्या एमटीव्हीवर. गाण्यांच्या आणि रिॲलिटी शोच्या चॅनलवर रिअल माद्रिद! या प्रकरणानं आमच्या गल्लीत जो गोंधळ घातला तो विसरता येत नाही. वहिनींच्या सासूबाई तेव्हा होत्या. सून रात्री साडेबाराला एमटीव्ही लावून बसते, ही बातमी त्यांनी दुसऱ्या दिवशी देवळात सांगितली. तिथून ती बस स्टँडपर्यंत गेली.

“मले तीन बायांनी इचारलं, सगळं बरं हाय ना घरी,” वहिनी म्हणाल्या. “काय सांगू? बेंझेमा पाहून रायली म्हनू?”

पुढं २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याच कंपनीचा स्पोर्ट्स १८ सुरू झाला आणि वहिनींची अब्रू परत आली. २०२४-२५ च्या मोसमात तर टीव्हीवर नावच नाही. जीएक्सआर वर्ल्ड नावाच्या वेबसाइटवर पैसे भरून पाहायचं. आणि या मोसमापासून फॅनकोडचं ॲप, तेही पाच वर्षांसाठी म्हणे. सात-आठ वर्षांत इतके पत्ते! आमच्या ओळखीतल्या एका कंत्राटी शिक्षकाच्या बदल्यासुद्धा एवढ्या झालेल्या नाहीत.

वहिनींनी इकडंतिकडं पाहिलं, आवाज खाली आणला. आता खरी गप्प येणार, हे मला कळलं.

“भाऊजी, एक इचारू? ते पैशाचे गेम बंद केले ना सरकारनं, ऑगस्टमंदी? ते ड्रीम इलेव्हन बिन? आमचा पोट्टा म्हनते, फॅनकोड त्याच घरचं हाय. मंग याचं कसं होईन जी? पाच वर्षं टिकन का?”

मी गार पडलो. कायदा झाला ते मला माहीत होतं; २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले, आणि ड्रीम इलेव्हनचं नाव भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरून उतरलं. फॅनकोड ड्रीम इलेव्हनच्याच ड्रीम स्पोर्ट्स कंपनीचं, हेही खरं. पण सेलूच्या एका अंगणात वालाच्या शेंगा तोडता तोडता एखादी बाई दिल्लीतल्या कायद्याचा आणि बार्सिलोनाच्या मॅचचा असा हिशोब मांडते, हे स्पेनमधल्या त्या लीगवाल्यांना कोणी सांगितलं असेल का?

“टिकेल वहिनी,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“टिको बाप्पा. मी आताच वर्षाचा पास घेतला.”

पैशावरून मग केबलवाल्याचा विषय निघाला. तो निघाला की दोन्ही घरांचं एकमत होतं. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायनं नवा नियम आणला : पाहिजे तेवढेच चॅनल घ्या, तेवढ्याचेच पैसे द्या. शंभर चॅनलांचं भाडं १३० रुपये अधिक जीएसटी, आणि वरचे सशुल्क चॅनल निवडून. कागदावर कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूचा. मी मोठ्या उत्साहानं फॉर्म भरला. वर्तमानपत्रात आलेल्या यादीत फुटबॉलचा चॅनल होता, महिन्याला १९ रुपये. केबलवाल्यानं फॉर्म उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “मास्तर, हा चॅनल सेलूत कोनी घेत नाही. तुमच्या एकट्यासाठी कसा चालू करू? त्यापेक्षा तेलुगू पिक्चरचा घ्या, हिंदीत डब येते.”

“आणि तुम्ही घेतला?”

“घेतला. सहा महिने घरात मारामाऱ्या पाहिल्या.”

वहिनी इतक्या हसल्या की पलीकडच्या काकू गॅलरीत आल्या. त्यांना वरूनच सांगितलं, काही नाही, केबलवाल्याचं चाललंय. त्यांनीही दोन शिव्या हासडल्या आणि आत गेल्या.

केबलवाल्याचा सगळाच दोष नाही, हेही मी वहिनींना सांगितलं. २०२३ च्या फेब्रुवारीत भाव आणि करार यावरून केबल कंपन्यांच्या संघटनेचं आणि स्टार, सोनी, झी यांचं वाजलं, आणि १८ तारखेपासून देशातल्या लाखो घरांतले ते चॅनल एकदम काळे झाले. त्याच आठवड्यात चॅम्पियन्स लीगमध्ये रिअल माद्रिदनं लिव्हरपूलला त्यांच्याच मैदानावर ५-२ नं धुतलं. दोन गोल खाऊन पाच मारले! मालिका बुडाल्या म्हणून घरोघरी हळहळ झाली. आमची ही मॅच बुडाली, त्याची हळहळ करायला अख्ख्या गल्लीत मी आणि वहिनी.

“तवाच मी छत्री लावली,” वहिनी म्हणाल्या. छत्री म्हणजे डीटीएच. त्यांच्या गच्चीवर ती आहे. माझ्याकडं नेटवर मोबाईल. आणि इथून आमच्या शेजारधर्माची खरी परीक्षा सुरू झाली.

छत्रीचं चित्र लवकर येतं. नेटचं चित्र फिरत फिरत येतं. कधी अर्धा मिनिट मागं, कधी त्याहून जास्त. एरवी कोणाला फरक पडला नसता. पण कुंपण मध्ये दहा फुटांचं अंतरही ठेवत नाही, आणि वहिनींना गोल गिळता येत नाही. माझ्या मोबाईलवर बॉल अजून मैदानाच्या मधे असतो आणि पलीकडून “हाण्ण!” ऐकू येतं. संपलं. पुढचा अर्धा मिनिट मी, होणार हे माहीत असलेली गोष्ट, होताना पाहतो. मी एकदा हात जोडून सांगितलं, वहिनी, जरा हळू.

“मी गोल झाला म्हनून सांगते का कधी?”

“नाही. पण तुमच्या आवाजावरून कळतं. ‘हाण्ण’ म्हणजे गोल. ‘अव माय’ म्हणजे बॉल खांबाला लागला. ‘बह्याड’ म्हणजे ऑफसाइड.”

“अन् काहीच नाही बोलली तं?”

“तर आर्सेनलनं गोल मारला.”

वहिनी चपापल्या. मग कबूल झाल्या. आर्सेनलला त्या मानत नाहीत. २००४ नंतर लीग जिंकली नाही, त्यांच्या लेखी तो संघ नुसताच उमेदवार.

आवाजावरून भाषेची गोष्ट निघाली, आणि इथं मात्र वहिनी थट्टा सोडून तापल्या. २०२२ चा वर्ल्ड कप आठवा, त्या म्हणाल्या. जिओसिनेमावर फुकट होता. पहिल्याच दिवशी कतार-इक्वेडोरच्या मॅचला चित्र देशभर अडकत होतं आणि कंपनीला माफी मागावी लागली, ते सोडा, पुढं सुधारलं. पण कॉमेंट्रीच्या भाषा पाहा : इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम, बांगला. प्रीमियर लीगही हिंदी, बांगला, मल्याळममध्ये आली.

“आपली काहून नाही जी? फुटबॉल काय फक्त केरळ अन् बंगालमंदी खेळते?”

“म्हणतात, तिथं पाहणारे जास्त.”

“अन् कोल्हापूर? तटी तं तालमीच्या नावानं टीमा हाय म्हनते आमचा पोट्टा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा. शाहू स्टेडियमवर पाय ठेवाले जागा नसते. कामठी? आमच्या माहेरचे लोक कामठीच्या मॅच पाहाले सायकलनं जात.”

मी मान डोलावली. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल उभा केला, त्यावर ‘झुंड’ निघाला, अमिताभ बच्चन आले. पिक्चर पाहायला आमच्या गावची पोरं टेम्पो करून गेली होती. म्हणजे बॉल इथं आहे, पाहणारे आहेत. नाही आहे ती गिनती.

“आणि क्रिकेटला मराठी कशी सापडली?” मीच आगीत तेल ओतलं. “२०२३ च्या आयपीएलला जिओसिनेमावर मराठी कॉमेंट्री होती की. केदार जाधव बोलायचा. बोलता बोलता मे महिन्यात बंगळुरूच्या टीमनं त्याला खेळायलाच बोलावून घेतलं.”

“पाहा! तटी बोलनाऱ्याले खेळाले नेते. इथं खेळ हाय तं बोलनारं कोनी नाही.” वहिनींनी शेंगांची परडी खाली ठेवली. “मलेच बोलवा म्हना. मी सांगतो कॉमेंट्री.”

ती त्यांनी मला तिथंच करून दाखवली. डावा हात वेलीत, उजव्या हातात शेंग, नजर समोरच्या लिंबाच्या झाडावर, जणू तिथं सिटीची मॅच चालू आहे : “आला, आला, डोकू आला… दे ना बे पास, बापाचा बॉल हाय काय… गेला, दोघायच्या मधातून गेला… आता तरी दे… दिला! हालंड… उजव्या पायावर कायले घेतं रे लेका, डावा काय बँकेत ठेवला का… हाण्ण!” गेटपाशी दूधवाला थांबून ऐकत होता. त्यानं विचारलं, “किती झाले काकू?”

मी म्हणतो, हे ऐकायला कोणीही महिन्याला १९ रुपये देईल.

दूधवाल्यानं जाता जाता पानठेल्यावरच्या पोराची खबर दिली. ते पोरगं पैसे भरत नाही. त्याच्याकडं कुठून कुठून लिंक येतात. चित्र इंग्लंडचं, आवाज अरबी, आणि पडद्याच्या चारही बाजूंना सट्ट्याच्या जाहिराती. गेल्या आठवड्यात गोल पाहायला म्हणून त्यानं बोट दाबलं ते जाहिरातीवर पडलं, आणि आता त्याला दिवसरात्र कोणी परदेशी बाई ‘तुम्ही जिंकलात’ म्हणून मेसेज करते. घरच्यांना वेगळाच संशय आहे.

“लग्न जुळून रायलं होतं त्याचं,” वहिनी हळहळल्या. “सिंदी रेल्वेची पोरगी होती.”

अशा लिंका चोरीच्याच, त्यात दुमत नाही. पण तीन-चार लीग पाहायच्या तर तीन-चार ठिकाणी पैसे भरायचे, वर नेटचं वेगळं, हे पानठेल्याच्या गल्ल्यातून कसं निघणार? जिओहॉटस्टार निघालं तेव्हा मोबाईलपुरता पास तीन महिन्यांना १४९ होता. एकेकाचा आकडा फार नाही. बेरीज मारली की फार होते. आणि वहिनींच्या घरात तर फोनसुद्धा एकच चांगला. भाऊंना यंदा कापूस सीसीआयला हमीभावानं, लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटलनं द्यायचा, तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून तारीख घ्यावी लागते.

“यायले कापसाले ॲप, मले हालंडले ॲप,” वहिनी म्हणाल्या. “परवा मॅच चालू असताना यायनं फोन घेतला. मी म्हनलं पाच मिन्टं थांबा. हे म्हनते, कापूस घरात पडून हाय अन् तुले बॉलचं सुचते! पन त्यायनंच मंग इचारलं, किती झाले म्हनून.”

आता मी माझ्याकडचा हुकमी पत्ता काढला. वहिनींचा भाचा लीड्सला नोकरी करतो. इंग्लंडात राहतो, म्हणजे त्याची तर चंगळ, असं सगळ्यांना वाटतं.

“वहिनी, आज साडेआठला माझी आर्सेनल-ब्रायटन आहे ना? ती तुमच्या भाच्याला टीव्हीवर लाइव्ह दिसणार नाही.”

“काय सांगता!”

“खरं. तिकडं शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर फुटबॉल लाइव्ह दाखवायचा नाही, असा साठ वर्षांपासूनचा नियम आहे. लोक घरी बसून मोठ्या टीमा पाहतील आणि गावच्या लहान टीमांच्या मैदानात कुत्रं फिरकणार नाही, ही भीती. वर्षाच्या ३८० पैकी तिकडं सुमारे २७० मॅच लाइव्ह दिसतात. आपल्याकडं जवळजवळ सगळ्या.”

वहिनींनी हनुवटीला बोट लावलं. “म्हनूनच! गेल्या शनिवारी व्हिडिओ कॉल केला अन् म्हनते कसा, मावशी, फोन टीव्हीकडं धर. मले वाटलं मस्करी करते. मी धरला. हात दुखून आला तं डब्यावर ठेवला. पहिला हाफ त्यानं सेलूतून पाह्यला!”

त्या नियमाचं मला हसू येत नाही. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांच्यापासून त्याची सुरुवात सांगतात. चुकीचा असेल, जुनाट असेल, पण त्यात कोणीतरी गावच्या मैदानाचा विचार केलेला आहे. आपल्याकडं उलटं. २०१७ साली अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात झाला, कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात खेळला, आणि त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारनं ‘मिशन वन मिलियन’ करून शाळाशाळांत फुटबॉल खेळवला. पोरं उन्हात दिवसभर धावली. त्या पोरांना आता बार्सिलोनाचा यमाल कोणत्या पायानं मारतो ते माहीत आहे. अनिकेत कोणत्या क्लबात आहे ते माहीत नाही. कळणार कुठून? आपली इंडियन सुपर लीग यंदा वेळेवर सुरूच झाली नाही. तिचा करार संपत आला, नोव्हेंबरात निविदा उघडली तर बोली लावायला एकही माणूस आला नाही. परदेशी लीगचे हक्क घ्यायला रांग, घरच्या लीगला गिऱ्हाईक नाही.

“अन् ते परदेशी खेळाडू आले तरी आपल्याले कुठं दिसते?” वहिनी म्हणाल्या. “रोनाल्डो गोव्याले येनार, येनार, टीम आली, हा घरीच रायला. मेसी आला, तं कोलकात्यात त्याच्याभोवती पुढाऱ्यायचाच गराडा. पब्लिकनं खुर्च्या तोडल्या. त्यापेक्षा आपला टीव्ही बरा, मधात कोनी उभं रायत नाही.”

“जाहिरात उभी राहते.”

“ते इलायचीवाले ना? त्यायले कोनी सांगा, आम्ही रात्री दीडला इलायची खात नाही.”

वेळेवरून एक बरी बातमी माझ्याकडं होती. २०२६ ची चॅम्पियन्स लीग फायनल ३० मेला बुडापेस्टला आहे आणि ती तिकडच्या संध्याकाळी सहाला ठेवली आहे. म्हणजे आपल्याकडं रात्री साडेनऊ. २०२५ ची साडेबाराला सुरू झाली होती. पॅरिसनं इंटरला ५-० मारलं तोवर सेलूत कोंबडे जागे व्हायच्या बेतात होते.

“आपल्यासाठी केलं?”

“छे. तिकडच्या लेकुरवाळ्यांना घरी परतायला गाडी मिळावी म्हणून.”

“असू द्या. ला लिगावाले तरी आपल्यासाठी करते ना? ते रिअल-बार्साची मॅच?”

ते मात्र करतात. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी ती मॅच भर दुपारी एकला ठेवली होती, आशियातल्या लोकांना जेवणाआधी दिसावी म्हणून, आपल्याकडं साडेपाच. यंदाही २६ ऑक्टोबरला पावणेनऊला लागली, रिअल २-१ नं जिंकलं आणि वहिनींच्या मुलाचा फोन दोन दिवस बंद होता. पण ही गंमत पाहा : वेळ आपल्या सोयीची ठेवणारी लीग नेमकी तीच, जिचा पत्ता दर मोसमाला शोधावा लागतो. बोलावणं आपल्याला, आणि घर सांगत नाहीत.

खरं तर माझं दुखणं एवढंच आहे. १९८६ साली दूरदर्शनवर मॅराडोना पाहिला तेव्हा एकच चॅनल होता, अँटेना फिरवायला धाकटा भाऊ छतावर, आणि आम्ही तृप्त. आज सगळं आहे : सगळ्या लीग, सगळ्या मॅच, हातात. फक्त तीन-तीन वर्षांनी लिलाव होतो, आणि लिलावात खेळ विकतात तसे आम्हीही विकले जातो. कोणाला, ते मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कळतं.

“तक्रार करा ना मंग,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही मास्तर हाय. पोट्ट्यायले अर्ज शिकवता. लिहा एक.”

“काय लिहू?”

“लिहा. एक, पत्ता पाच वर्षं तरी बदलू नका. दोन, मराठीत बोला, नसंन जमत तं मले बोलवा. तीन, इलायची बंद करा. चार, मॅच दीडला ठेवानच तं दुसऱ्या दिवशी शाळेले अन् ऑफिसले सुट्टी द्या.”

“चौथं त्यांच्या हातात नाही.”

“लिहून तं पाहा. अन् सही दोघांची.”

“लिहितो. पण प्रति कोणाला? प्रीमियर लीग २०२८ पर्यंत जिओस्टारकडं. पुढं कोणाकडं, देव जाणे. चॅम्पियन्स लीग आज सोनीकडं, उद्याचं माहीत नाही. ला लिगाचं तर तुम्हीच विचारलंत, टिकेल का म्हणून.”

वहिनींनी परडी कमरेवर घेतली. आत कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या होत्या आणि सहाला सिटीची फॉरेस्टशी मॅच होती. त्याआधी स्वयंपाक उरकायचा होता.

“मंग वरचं नाव कोरं सोडा भाऊजी,” त्या जाता जाता म्हणाल्या. “बाकी सगळं लिहून ठेवा. ज्याच्याकडं जाईन, त्याच्या नावानं टाकून देऊ.”